काटेरी अंगाचे मृदुकाय

शंख नाही, शिंपला नाही, अशा प्राण्याला गोगलगाईच्या संघात घालावे काय? स्वीडनच्या लोवेन यांनी १८४४ साली चिखलात राहणाऱ्या कीटोडर्माचे वर्णन केले, तेव्हा त्यांना तो कृमीच वाटला. दिसतोही तसाच. त्याचे पुष्कळ भाईबंद खोल समुद्राच्या तळाशी राहतात.

यांच्या उपत्वचेत कॅल्शियम कार्बोनेटच्या असंख्य कंटिका रोवलेल्या असतात. म्हणजे शंखाचाच माल, पण सुटासुटा वापरलेला! हा माल ॲरॅगोनाइट या स्फटिकरूपात असतो. आम्हा भौतिकीवाल्यांना मौज वाटते ती इथे. सूक्ष्मदर्शकात दोन ध्रुवक काटकोनात ठेवले की अंधाऱ्या पार्श्वभूमीवर कंटिका रंगीत झळकतात. हे द्विप्रणमनामुळे घडते. रंग जाडीप्रमाणे बदलतो, म्हणून रंगावरून जाडीचा अंदाज बांधता येतो.

संघाचा पुरावा मात्र मुखात सापडतो. गोगलगाईसारखी कानशीवजा दंतपट्टी यांच्यापैकी पुष्कळांना असते. कीटोडर्मा डोके खाली करून चिखलात शिरतो. त्याला पाय नसतो. मागच्या टोकाला कल्ल्यांची एक जोडी असते. सोलेनोगॅस्टर या दुसऱ्या गटात पोटाखाली अरुंद खाच व तीत घडीएवढा पाय असतो, खरे कल्ले नसतात.

२०११ साली जनुकांच्या अभ्यासातून कायटॉन हे यांचे जवळचे नातलग ठरले. कायटॉनच्या पाठीवर आठ कवचपट्ट्या असतात, आणि कडेला कंटिका वा खवले!

नमुना आम्लयुक्त फॉर्मॅलिनमध्ये राहिला, तर कंटिका विरघळतात आणि जात ओळखण्याचे मुख्य साधनच नाहीसे होते. म्हणून तो अल्कोहोलात ठेवणे बरे.