नवी आयडिया सुचत नाही? आयर्नमॅनकडून शिका!

‘आयडियाच सुचत नाही’ म्हणून थांबलात? मग हे बघा. हवाईच्या ओआहू बेटावर पोहणं, सायकल आणि मॅरेथॉन अशा तीन वेगळ्या शर्यती आधीपासून होत्याच. नौदलातले जॉन कॉलिन्स आणि पत्नी जुडी यांनी त्या एकाच दिवसात बसवल्या. सायकलचा मार्ग १८५ किलोमीटरवरून १८० वर आणला. का? पोहणं संपतं तिथून सायकल सुरू व्हावी आणि मॅरेथॉनच्या सुरुवातीला संपावी म्हणून. खरं डोकं लागलं ते या जोडणीत!

१८ फेब्रुवारी १९७८ ला फक्त १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. आज आयर्नमॅन जगभर होते.

आता तुमचा गृहपाठ: तुमच्या ग्राहकाला कोणत्या दोन कामांमध्ये हेलपाटा पडतो? तो वाचवा. पहिले १५ ग्राहक पुरेत.