क्रॉप, झूम, पोझिशन: फ्रेममध्ये कोण राहणार?

गॅदरिंग असो, टेक-फेस्ट असो नाहीतर फायनल इयरचं फेअरवेल, प्रत्येक डिपार्टमेंटला व्हिडिओ हा लागतोच. शूटिंग करायला दहा जण पुढे येतात, एडिटिंगला मात्र एकच बकरा सापडतो. हा लेख त्या बकऱ्यासाठी! विषय छोटासा आहे: क्लिप कापणं, मोठी करणं आणि सरकवणं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे इंग्लिश शब्द बरेच येतील, सांभाळून घ्या. उदाहरणं दाविंची रिझॉल्व्हमधली आहेत, कारण त्याची फ्री आवृत्ती आपल्या कामाला पुरते. पण प्रीमिअर घ्या, केडेनलाइव्ह घ्या, गणित सगळीकडे तेच.

तीन शब्द, तीन वेगळी कामं

टाइमलाइनची फ्रेम म्हणजे खिडकी समजा, आणि क्लिप म्हणजे खिडकीमागे धरलेलं चित्र. खिडकी हलत नाही. जे काही करायचं ते चित्राला.

क्लिप सिलेक्ट करून इन्स्पेक्टर उघडा. ट्रान्सफॉर्ममध्ये झूम आणि पोझिशन दिसेल, त्याच्याखाली क्रॉपिंग. झूम चित्र मोठं करतो, पोझिशन ते सरकवते, आणि क्रॉप कडेची पट्टी कापून टाकतो. इथेच नवीन माणूस गोंधळतो. फोनच्या गॅलरीत फोटो क्रॉप केला की उरलेला भाग आपोआप मोठा होऊन स्क्रीन भरतो, म्हणजे तिथे क्रॉप आणि झूम एकदम होतात. रिझॉल्व्हमध्ये तसं नाही. क्रॉप लेफ्ट वाढवला की डावीकडे नुसता काळा पट्टा येतो, किंवा खालच्या ट्रॅकवरची क्लिप डोकावते. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, त्याने सांगितलं तेवढंच काम केलं! दोन क्लिप शेजारी-शेजारी दाखवायच्या असतील तर हा क्रॉप हवाच. पण कडेचा डस्टबिन घालवून फ्रेम भरायची असेल, तर क्रॉपला हात न लावता झूम करा आणि सरकवा.

सरकवताना एक लक्षात ठेवा: उजवीकडचा माणूस मध्ये आणायचा तर चित्र डावीकडे न्यायचं. रिझॉल्व्हमध्ये मध्यबिंदू ०, ० असतो. एक्स वाढवला की चित्र उजवीकडे जातं आणि वाय वाढवला की वर. प्रीमिअरमध्ये मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून होते. म्हणून १९२० × १०८० च्या फ्रेमचा मध्य ९६०, ५४० येतो आणि वाय वाढवला की चित्र खाली जातं. एकातून दुसऱ्यात गेलात की हाताची सवय दगा देते.

किती सरकवता येईल? सोपा फॉर्म्युला: झूममधून १ वजा करा, फ्रेमच्या रुंदीने गुणा आणि निम्मं करा. क्लिप मुळात फ्रेममध्ये बरोबर बसणारी हवी. झूम १.२५ असेल तर ०.२५ × १९२० ÷ २ = २४० पिक्सेल. तेवढं डावी-उजवीकडे चालेल, २४१ व्या पिक्सेलला काळी कड दिसायला लागेल. उंचीसाठी हाच हिशोब १०८० घेऊन करा, उत्तर १३५ येईल.

पिक्सेल उधार मिळत नाहीत

झूम केला म्हणजे कॅमेरा जवळ गेला, असं होत नाही. सॉफ्टवेअर आहेत तेच पिक्सेल ताणतं आणि मधल्या जागा अंदाजाने भरतं. १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. झूम २ केला की खिडकीत त्यातले फक्त एक चतुर्थांश उरतात, म्हणजे ५,१८,४००. चेहरा मोठा होतो पण पुसट.

याउलट शूटिंग फोर-केमध्ये, म्हणजे ३८४० × २१६० मध्ये केलं असेल आणि टाइमलाइन १९२० × १०८० ची असेल, तर तुमच्याकडे चौपट पिक्सेल आहेत. मग फ्रेममध्ये बसवलेली क्लिप दुप्पट झूम केली तरी काही ताणलं जात नाही. एका कॅमेऱ्यातून लाँग शॉट आणि मिड शॉट दोन्ही काढता येतात. सरांच्या भाषणातले दोन तुकडे जोडताना मधला झटका लपवायचा असेल, तर दुसरा तुकडा १.२ ने झूम करा. दोन कॅमेरे होते असंच वाटतं.

आणि एक विनंती: मित्राकडून क्लिप घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून मागवू नका, तिथे ती दाबून लहान केली जाते. केबल लावा, पेन ड्राइव्ह घ्या, पण ओरिजिनल फाइल घ्या.

अकरापैकी साडेतीन

आता खरी परीक्षा. व्हिडिओ फोनवर उभा दाखवायचा आहे, म्हणजे टाइमलाइन १०८० × १९२०. शूटिंग मात्र आडवं, १९२० × १०८०. आडवी क्लिप टाकली की वर-खाली काळं राहतं. पूर्ण फ्रेम भरायला झूम सुमारे ३.१६ करावा लागतो. मग मूळ १९२० पिक्सेल रुंदीपैकी खिडकीत साधारण ६०८ उरतात, म्हणजे ३२ टक्केसुद्धा नाहीत.

समजा फेअरवेलच्या ग्रुप शॉटमध्ये अकरा जण एका ओळीत उभे आहेत. मध्यभागी एचओडी, आणि उजव्या टोकाला वर्कशॉपचे मामा, ज्यांनी चार वर्षं प्रत्येकाचा जॉब घासून दिला. फ्रेम भरली की दिसतात साडेतीन माणसं. मामा गेले. कोणी मुद्दाम काढलं नाही, फक्त पोझिशन ०, ० वर राहिली! ऑटो रिफ्रेमवर सोडलं तर सॉफ्टवेअर हलणारा किंवा ठळक चेहरा शोधेल. मामा कोण, हे त्याला माहीत असायचं कारण नाही.

हा प्रश्न आपल्या पिढीने शोधलेला नाही. १९५९ साली गुरुदत्तचा 'कागज के फूल' आला, भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, कॅमेरा व्ही. के. मूर्ती यांचा. सिनेमास्कोपची फ्रेम उंचीच्या सुमारे २.३५ पट रुंद, आणि जुन्या टीव्हीची फक्त १.३३ पट. असा चित्रपट टीव्हीवर स्क्रीनभर दाखवायचा तर ५७ टक्केच चित्र उरतं. म्हणून कुठला भाग दाखवायचा ते शॉटगणिक ठरवून खिडकी सरकवत न्यायचे. त्याला पॅन अँड स्कॅन म्हणत. आपण तेच करतो, फक्त लॅपटॉपवर.

मग करायचं काय?

पहिला उपाय: कापूच नका. आडवी क्लिप पूर्ण ठेवा, खालच्या ट्रॅकवर तीच क्लिप मोठी आणि ब्लर करून टाका.

दुसरा: पॅन करा. पोझिशनशेजारच्या डायमंडवर क्लिक करून डाव्या टोकाला एक कीफ्रेम द्या, उजव्या टोकाला दुसरी. अकरा चेहरे ओळखता आले पाहिजेत, म्हणून निदान सात-आठ सेकंद द्या. सुरुवातीला आणि शेवटी एकेक सेकंद थांबा. धावत्या एसटीतून बोर्ड वाचल्यासारखं नको.

तिसरा: जुने फोटो असतील तर डायनॅमिक झूम. त्यात हिरवी चौकट सुरुवातीची, लाल शेवटची. अमेरिकेचे केन बर्न्स यांनी 'द सिव्हिल वॉर' या १९९० च्या माहितीपट मालिकेत स्थिर फोटोंवर अशीच संथ हालचाल केली. पुढे या इफेक्टला त्यांचंच नाव पडलं. हालचाल कोणावर थांबते याला अर्थ असतो, हे त्यातून शिकावं.

चौथा आणि सगळ्यात स्वस्त: शूटिंगच्या वेळीच विचार करा. फोर-केमध्ये शूट करा, कारण त्यातून उभा तुकडा १२१५ × २१६० चा मिळतो आणि काहीच ताणावं लागत नाही. आणि अकरा जणांना एका ओळीऐवजी तीन ओळींत उभं करा!

रेंडर बटण दाबण्याआधी एकदा व्हिडिओचा आवाज बंद करा आणि फक्त चारही कडा बघा. काळी रेघ दिसते का? कोणाचं डोकं कापलं गेलं का? आणि मूळ क्लिपमध्ये असलेलं कोण आता दिसत नाही? पहिले दोन प्रश्न टेक्निकल आहेत, ते कोणीही सोडवेल. तिसरा मात्र तुम्हीच सोडवायचा. कारण व्हिडिओ लागल्यावर हॉलमधला प्रत्येक जण आधी स्वतःलाच शोधत असतो, मामासुद्धा.