बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू

यवतमाळ शहरातील काही वस्त्यांची नावे मोठ्याने वाचा : वडगाव, पिंपळगाव, मोहा, वाघापूर. पहिल्या तीन नावांत झाडे आहेत आणि चौथ्या नावात चक्क वाघ आहे! या वस्त्या पूर्वी वेगळी गावे होती. शहर वाढत गेले आणि ही गावे त्यात मिसळली. आता जिल्ह्याचा नकाशा उघडा. त्यात बाभूळगाव सापडेल, कळंब सापडेल. बाभूळ म्हणजे आपला बबूल आणि कळंब म्हणजे कदंब. जुन्या लोकांनी आजूबाजूला जे पाहिले, तेच गावाच्या नावात ठेवले.

वाघापुरात आता वाघ नाही. तो पाहायचा असेल तर पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात जावे लागते. पण शहर झाले म्हणून सगळेच जीव निघून गेले नाहीत. पुष्कळ जण आपल्याबरोबर राहिले. कोणी भिंतीच्या भोकात राहतो, कोणी छपरात, कोणी गटाराच्या काठी, कोणी कब्रस्तानातील चिंचेवर. ते भाडे देत नाहीत आणि भांडतही नाहीत. आपण मात्र त्यांच्याकडे कधी नीट पाहत नाही.

एका ठिकाणी अनेक प्रकारच्या वनस्पती आणि प्राणी एकत्र नांदतात, त्याला मराठीत 'जैवविविधता' म्हणतात. शब्द लांब आहे, घाबरू नका. 'जैव' म्हणजे सजीवांची आणि 'विविधता' म्हणजे वेगवेगळेपण. उर्दूत यालाच 'हयातियाती तनव्वो' म्हणतात. तो शब्द तरी कुठे लहान आहे?

आपण चिमणीपासून सुरुवात करू. चिमणी म्हणजे आपली चिडिया. तिला रानापेक्षा माणसाची सोबत अधिक आवडते. विदर्भातील जुन्या घरांवर कवेलू असत. कवेलूंच्या खाली किंवा मातीच्या भिंतीत मुठीएवढी जागा मिळाली, की चिमणी तेथे काड्या, कापूस आणि पिसे आणून घरटे करी. अंगणात बायका ज्वारी पाखडत, तांदूळ निवडत. खाली सांडलेले दाणे हे चिमण्यांचे जेवण. पुढे घरांवर स्लॅब आला, भिंती सिमेंटच्या झाल्या, अंगणात फरशी बसली आणि धान्य निवडून पाकिटात येऊ लागले. यात वाईट काही नाही. पावसाळ्यात गळणाऱ्या कवेलूखाली ज्याने रात्र काढली आहे, तो स्लॅबला नावे ठेवणार नाही. पण नवे घर बांधताना आपण एका बिऱ्हाडकरूला न विचारता बाहेर काढले, एवढे खरे.

मीही तेच केले आहे. माझ्या घरावर स्लॅब पडला, तेव्हा मी गवंड्याकडून भिंतीतील एकूण एक भोक बुजवून घेतले. माझी अम्मी रोज सकाळी अंगणात तांदळाची कणी टाकत असत. ती कणी आता तशीच पडून राहू लागली आणि दुपारी मुंग्या ती ओढून नेऊ लागल्या. अम्मी मला काही बोलल्या नाहीत. फक्त एके दिवशी त्यांनी विचारले, "बेटा, सगळ्यांच्या खोल्या झाल्या. चिमण्यांची खोली कुठे काढलीस?"

मी पुठ्ठ्याचे एक खोके टांगले. त्याचे भोक मोठे होते, म्हणून साळुंकीने, म्हणजे मैनेने, त्याचा ताबा घेतला. दुसरे खोके मी पश्चिमेच्या भिंतीवर लावले. मे महिन्यात यवतमाळचे ऊन कसे असते, हे तुम्हाला सांगायला नको. त्या खोक्याकडे कोणी फिरकलेच नाही. तिसरे खोके लाकडाचे केले. त्याला जेमतेम सव्वा इंचाचे भोक ठेवले आणि ते सावलीत, मांजराची उडी पोहोचणार नाही अशा उंचीवर बसवले. ते दोन वर्षे रिकामे राहिले. तिसऱ्या वर्षी एक जोडी आली. त्या दिवशी अम्मींनी कणी दुप्पट टाकली.

त्या जोडीने मला एक गोष्ट शिकवली. चिमणी एका वेळी तीन ते पाच अंडी घालते. दोन आठवड्यांच्या आत पिल्ले बाहेर येतात आणि पुढे साधारण तेवढेच दिवस घरट्यात राहतात. या दिवसांत नर आणि मादी दिवसभर चोचीत काहीतरी घेऊन ये-जा करतात. मी जवळून पाहिले, तर ते दाणे नव्हते. अळ्या होत्या, किडे होते. मोठी चिमणी दाणे खाते; पण तिच्या पिल्लांना वाढण्यासाठी किडेच लागतात. किडे कुठून येणार? झुडपांतून, गवतातून, वेलींवरून. म्हणून ज्या मोहल्ल्यात एकही झुडूप नाही, तेथे नुसती खोकी टांगून चिमण्या वाढत नाहीत.

चिमणी किती किडे खाते, हे चीन देशाला फार उशिरा कळले. १९५८ साली तेथील सरकारने चार शत्रू ठरवले : उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या. चिमण्या शेतातील धान्य खातात, हा त्यांचा गुन्हा. त्या आपल्या चिमणीच्या जवळच्या नात्यातल्या होत्या. लोक थाळ्या आणि डबे बडवत, चिमण्यांना कोठेही बसू देत नसत. उडून उडून थकलेल्या चिमण्या आकाशातून मरून खाली पडत. घरटी पाडली, अंडी फोडली. मग शेतात टोळ आणि इतर किडे माजले. त्या काळात चीनमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्याची कारणे अनेक होती; पण चिमण्या मारणे हे त्यांपैकी एक मानले जाते. अखेर १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढले आणि तेथे ढेकणाचे नाव लिहिले.

आपणही किड्यांशी असेच आंधळे युद्ध करतो. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर विषारी औषध फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. किड्यांसाठी काढलेले विष माणसांपर्यंत पोहोचले. चिमणीच्या पिल्लापर्यंत ते पोहोचत नसेल, असे कोण म्हणेल?

चिमणीची बाजू घेणारे लोकही आपल्या महाराष्ट्रात आहेत. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी लाकडी घरटी बनवून लोकांना द्यायला सुरुवात केली. २००८ साली 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाने पर्यावरणाच्या कामाबद्दल त्यांचा गौरव केला. २०१० सालापासून २० मार्च हा दिवस 'जागतिक चिमणी दिन' म्हणून पाळला जाऊ लागला, तोही त्यांच्याच प्रयत्नाने. आपल्या देशातील पक्ष्यांचे सर्वांत मोठे अभ्यासक डॉ. सालिम अली यांनाही या वाटेवर एका चिमणीनेच आणले होते. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारत ते फिरले आणि मग आयुष्यभर पक्ष्यांच्या मागेच फिरत राहिले.

आता चिमणीला सोडून झाडाकडे वळू. जुन्या भिंतीतून किंवा मशिदीच्या मिनारातून पिंपळाचे रोप उगवलेले तुम्ही पाहिले असेल. ते कोणी लावले? पिंपळाची फळे मैना, कोकिळा, बुलबुल आणि वटवाघूळ (चमगादड) खातात. त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत पडते आणि तेथे रुजते. म्हणजे शहरातील कितीतरी झाडांचे माळी हे पंख असलेले आहेत.

वड, पिंपळ आणि उंबर ही एकाच कुटुंबातील झाडे. उंबर म्हणजे आपला गूलर. पिकलेले उंबर फोडून पाहा. आत बारीक किडे निघतात. मुले लगेच "ई" करून ते फेकून देतात. पण त्या किड्यांशिवाय उंबराला बीच धरणार नाही! उंबराची फुले बाहेर दिसत नाहीत, ती फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात. चिलटाएवढी एक माशी बारीक छिद्रातून आत शिरते, अंडी घालते आणि घालता घालता एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलांना देते. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. माशी नाही तर झाडाला बी नाही आणि झाड नाही तर माशीला घर नाही.

या फळांवर येणारा एक पाहुणा तुम्ही ओळखायलाच हवा. तो म्हणजे हरियाल, उर्दूतला हरियल. हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. कबुतराएवढा, अंग हिरवट पिवळे, डोके राखाडी आणि पाय पिवळेधमक. हरियल जमिनीवर कधी पाय ठेवत नाही, असे जुने लोक सांगतात. ते अगदी खरे नाही. पाणी पिण्यासाठी तो क्वचित खाली उतरतो. पण त्याचे बाकी सगळे आयुष्य झाडावरच जाते. पिंपळाच्या पानांत तो असा मिसळतो, की खाली उभ्या असलेल्या माणसाला वीस हरियाल असूनही एकही दिसत नाही.

म्हणून झाडे लावताना कोणते झाड, हाही प्रश्न विचारावा. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. तो सुंदर दिसतो, सावलीही देतो. मला स्वतःला तो आवडतो. पण त्याची फळे खाऊन आपल्याकडील पक्ष्याचे पोट भरत नाही. सुबाभूळ मध्य अमेरिकेतून आली आणि जेथे रुजली तेथे दुसऱ्या रोपाला जागा ठेवीनाशी झाली. कडुनिंब, करंज, बहावा, पळस, जांभूळ आणि उंबर या आपल्या मातीतील झाडांशी येथील किडे, पक्षी आणि खारी यांची जुनी ओळख आहे.

आणि प्रत्येक जागा झाडून-पुसून चकचकीत केलीच पाहिजे असेही नाही. रमजानमध्ये सहेरीला उठल्यावर तुम्ही कब्रस्तानाच्या बाजूने 'चिरूर चिरूर' असा आवाज ऐकला असेल. काही जण तो अपशकुन मानतात. तो असतो पिंगळा, छोट्या जातीचा उल्लू. तो जुन्या झाडाच्या ढोलीत राहतो आणि रात्रभर उंदीर व किडे खातो. आपली कब्रस्ताने, ईदगाहची मैदाने, देवळांची आवारे, जुन्या विहिरींचे काठ या जागांवर कोणी घर बांधत नाही. तेथील गवत रोज कापले जात नाही. म्हणून मुंगूस, धामण, सरडा, फुलपाखरे आणि मधमाश्या शहरात अजून टिकून आहेत. धामण विषारी नसते. ती उंदीर खाते. तरी सापाला हात लावू नका, आणि मारूही नका.

पडीक जागेचे काय होऊ शकते, याचे उत्तर मुंबईत मिळते. माहीमला मिठी नदीच्या काठी शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. त्या कचऱ्यावर माती टाकून झाडे लावली. पहिले रोप १९८३ साली डॉ. सालिम अली यांच्या हातून लागले. १९९४ साली ३७ एकरांचे हे 'महाराष्ट्र निसर्ग उद्यान' लोकांसाठी खुले झाले. धारावीच्या दाट वस्तीला लागूनच हे रान उभे आहे.

आपल्याकडे एवढी मोठी जागा नसेल. पण वही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक नगरपरिषदेने एक समिती नेमून आपल्या हद्दीतील झाडे आणि प्राणी यांची नोंदवही तयार करायची असते. ती नोंद करायला डोळे लागतात आणि विद्यार्थ्यांचे डोळे चांगले असतात. आमच्या आठवीच्या मुलांनी एका गल्लीची वही सुरू केली. तारीख, वेळ, जीवाचे मराठी नाव, उर्दू नाव आणि तो काय करत होता. पहिल्या आठवड्यात 'कावळा, कुत्रा, बकरी' यापुढे वही सरकेना. पावसाळा आला आणि सहावे पान भरले.

त्याच वर्षी गल्लीतील मोठा पिंपळ तोडायची गोष्ट निघाली. त्याची मुळे नालीत शिरली होती आणि पाणी तुंबून घरात येत होते. ज्यांच्या घरात पाणी येत होते, त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. १९७५ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे शहरातील झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ पासून पन्नास वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' झाडांचा मान आहे. मुलांनी आपल्या वहीतील पिंपळाची पाने उतरवून अर्जाला जोडली. मराठीतील त्यांचा हा पहिलाच अर्ज. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी तीनदा दुरुस्त केल्या. मग पुष्कळ बोलणी झाली. नाली दोन हात बाजूने वळवली, झाड राहिले. पण रस्त्याच्या बाजूच्या मोठ्या फांद्या कापल्या. त्या वर्षी पिंपळाला फारशी फळे आली नाहीत आणि हरियालही आले नाहीत. मुले माझ्यावर रुसली. मी तरी काय सांगणार?

पुढच्या वर्षी वहीत ही नोंद आली : "२८ मे. सकाळी साडेसहा. पिंपळावर हरियल तीन. दोन फळे खात होते, एक गप्प बसला होता. शाळेला सुट्टी आहे, म्हणून सरांना घरी जाऊन उठवले."