‘चोरी’ आणि ‘गहाळ’

गेल्या वर्षी आमच्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीस गेली. वडील दिवसभर पोलीस ठाण्यात बसून संध्याकाळी एक कागद घेऊन परतले. त्यांना वाचता येत नाही. मी वाचले, ‘मोटर गहाळ झाली’ असे त्यात लिहिले होते. वडील म्हणाले, “मोटर काय खिशातनं पडती व्हय?” कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच, म्हणून कायदा काय सांगतो, हे शोधणे माझ्याकडे आले.

कायद्याने गुन्ह्यांचे दोन वर्ग केले आहेत. दखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या हुकुमावाचून करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात मात्र केवळ नोंद होते व तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगितले जाते. चोरी हा सामान्यतः दखलपात्र गुन्हा होय. वस्तू गहाळ होणे हा गुन्हाच नव्हे. म्हणजे एक शब्द बदलला की तपासच उरत नाही!

असे का व्हावे? नोंदलेले गुन्हे वाढले की ठाण्याचे काम बिघडले, असे आपण सारेच समजतो. मग आकडा कमी ठेवण्याचा मोह होणारच.

या मोहावर अंकुश आहे. ललिताकुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला, की खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदविणे बंधनकारक आहे. खरेखोटे तपासात ठरेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये याची तरतूद आहे. तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. नोंदलेल्या खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे. तेथेही दाद न लागल्यास प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

परंतु विद्यार्थी मित्रहो, या सर्व पायऱ्या कागदावर उभ्या आहेत, आणि नकार मात्र बहुधा तोंडी असतो. “उद्या या” हे शब्द कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत. जे लिहिलेच गेले नाही, त्यावर अधीक्षक वा न्यायालय देखरेख कशी करणार? तेव्हा पहिली देखरेख फिर्यादीनेच करावयाची: अर्ज स्वतः लिहावा, ‘चोरी’ला ‘चोरी’च म्हणावे, सही करण्यापूर्वी वाचावे आणि पोहोच घ्यावी.

मी अधीक्षकांना अर्ज लिहिला. वडिलांनी अंगठा उठविला. पुढे गुन्हा नोंदला गेला, पंचनामाही झाला. मोटर अद्याप सापडलेली नाही. तरीही ती चोरीस गेली, हे आता सरकारदप्तरी लिहिलेले आहे. ज्यांच्या घरी वाचणारे कोणी नाही, त्यांचा कागद कोण वाचणार? आपण शिकलो, ते याचसाठी नव्हे काय?