मरणोन्मुखाच्या उशाशीं कोणाला बसवावें?

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 सालीं, मे महिन्याच्या आरंभीं, हल्लींच्या झांबिया देशांतील चितांबोच्या गांवीं मरण पावले. शेवटच्या दिवसांत त्यांना चालवेना, तेव्हां चाकरांनीं त्यांना डोलींत घालून नेलें व त्यांच्यासाठीं झोंपडी बांधली. धनी गेल्यावर त्यांनीं त्याचा देह सुमारें नऊ महिने, 1000 मैलांहून अधिक, समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहिला. त्यांत जेकब वेनराइट नांवाचा एक तरुण होता. तो आपल्या नाशिकजवळील शरणपुरांत शिकला होता. हीं सर्व माणसें पगारी होतीं. पैसे घेऊन केलेली सेवा खरी नव्हे, असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आज आपल्या मंडळ्यांत हा प्रश्न घरोघरीं उभा आहे. मुलगे मुंबईस किंवा पुण्यास, आई अंथरुणाला खिळलेली, आणि डॉक्टर म्हणतात कीं आतां बरें करण्याचा उपाय राहिला नाहीं. अशा रोग्यांच्या वेदना हलक्या करण्याकरितां हॉस्पिस नांवाचीं गृहें असतात. सिसिली सॉन्डर्स बाईंनीं 1967 सालीं लंडनांत असें एक गृह उघडलें. मुंबईस वांद्रें येथील शांति आवेदना सदन 1986 सालीं सुरू झालें. परंतु अशीं गृहें थोडीं आहेत. पुष्कळांचा शेवट घरींच होतो, आणि सेवक निवडण्याचें काम घरच्यांवर येतें.

पहिली गोष्ट : निवड. प्रमाणपत्र पाहावें, पण तेवढ्यावर थांबूं नये. इंजेक्शन किंवा नळी यांचें काम असेल तर नोंदणी झालेली परिचारिकाच पाहिजे. आयाबाईवर तें ओझें टाकूं नये. मग विचारावें, “रात्रीं रोगी कण्हूं लागला तर काय कराल?” जी म्हणते, “कोठें दुखतें तें विचारीन, कूस बदलीन, औषधाची वेळ पाहीन, मग घरच्यांना उठवीन,” ती कामाची. जी म्हणते, “दटावून निजवीन,” तिला नमस्कार करावा. मागच्या घरच्या गुप्त गोष्टी जी रंगवून सांगते, ती उद्यां तुमच्याही सांगेल. शेवटीं दोन दिवस पगार देऊन काम पाहावें, आणि रोग्याला बोलतां येत असेल तर त्याचें मत घेतल्यावांचून नेमणूक पक्की करूं नये.

दुसरी गोष्ट : कामाची पारख. येथें आम्हांला आमचीच चूक सांगितली पाहिजे. एका घरीं आम्ही एका वृद्ध गृहस्थांना भेटावयास गेलों. चादर शुभ्र, सेविका गोड बोलणारी. आम्हीं तिची स्तुति केली व घरीं आलों. आठ दिवसांनीं कळलें कीं, त्या चादरीखालीं माकडहाडावर खोल जखम झाली होती. त्या गृहस्थांना आम्हीं एकही प्रश्न विचारला नव्हता. आम्ही सेविकेकडे पाहिलें, रोग्याकडे पाहिलें नाहीं.

म्हणून परीक्षा रोग्याच्या देहावर व दिवसावर करावी. माकडहाड, खुबे व टांचा रोज पाहाव्या. बोटानें दाबूनही लाली जात नसेल तर ती जखमेची पहिली खूण आहे. साधारण दर दोन तासांनीं कूस बदलली जाते काय? तोंड ओलें व स्वच्छ आहे काय? वेदना शून्यापासून दहापर्यंत किती, हें रोग्यालाच विचारून वहींत लिहिलें जातें काय? मॉर्फिन चालू असेल तर पोट साफ होतें काय, हेंही लिहावें, कारण त्यानें मलावरोध होतो. व्यसन लागेल या भीतीनें डॉक्टरांनीं सांगितलेली मात्रा चुकविणें ही दया नव्हे. हें औषध गरजू रोग्याला सुलभतेनें मिळावें म्हणून 2014 सालीं कायदाही बदलला. आणखी एक. रोग्याचा धर्म कोणताही असो, प्रार्थना त्यानें मागितली तरच करावी. अशक्त माणसावर आपलें मत लादणें ही सेवा नव्हे.

तिसरी गोष्ट : मालकाची परीक्षा. चोवीस तास जागणारा मनुष्य देवानें निर्माण केला नाहीं. जिला झोंप नाहीं, तिच्या हातून रात्रींची मात्रा चुकेल. मग दोष कोणाचा? तिला निजावयाची वेळ, आठवड्यांतून एक सुटी, ठरल्या तारखेस पगार आणि घरच्यांचेंच जेवण मिळालें पाहिजे. जें घर तिचा पेला वेगळा ठेवतें, त्या घरानें तिच्याकडून मायेची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

आणि रोगी गेल्यावर? त्याच संध्याकाळीं हिशेब चुकता करून तिला दारांतून वाटेला लावूं नका. लिव्हिंग्स्टन यांचा देह वाहणाऱ्यांत सूसी व चुमा हे पुढारी होते. परंतु 1874 सालीं लंडनांत झालेल्या अंत्यविधीस ते नव्हते, त्यांना मागाहून तेथें नेण्यांत आलें. जिनें शेवटच्या रात्रीं तोंडांत पाण्याचा थेंब घातला, तिला शोक करणाऱ्यांमध्यें बसण्याची जागा द्या.

विचारासाठीं प्रश्न

1. आपल्या गांवांत अंथरुणाला खिळलेलीं माणसें किती? त्यांच्याजवळ रात्रीं कोण असतें?
2. मागच्या भेटींत आपण रोग्याला स्वतः काय विचारलें?
3. सेविकेला आठवड्यांतून एक दिवस सुटी मिळावी म्हणून मंडळींतील कोण पाळीनें बसूं शकेल?