पाटीवरचं नाव आणि कमानीवरचं नाव

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला कमानीपासून कार्यक्रमपत्रिकेपर्यंत कोचिंग क्लास आणि मोबाईलच्या दुकानांची नावं होती. मी कुरकुरले, तर एक सर म्हणाले, ‘‘लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटला नाही का देणगीदाराचं नाव?’’ मला उत्तर सुचलं नाही. खरंच काही फरक आहे का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : सरांनी उदाहरण छान निवडलं, फक्त ते त्यांच्यावरच उलटतं. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले. मृत्युपत्राने त्यांनी सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला दिले, तेही उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. विद्यापीठ तेव्हा जेमतेम सात वर्षांचं होतं. १९४२ मध्ये संस्था सुरू झाली, २०२३ मध्ये तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. पाटी लागली तेव्हा नावाचा धनी हयातच नव्हता. तिच्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक वाढायचा प्रश्नच नव्हता.

गंमत म्हणजे हाच फरक करखात्यानेही केला आहे. जीएसटीबाबतचं ११ ऑक्टोबर २०१९ चं परिपत्रक सांगतं, की धर्मादाय संस्थेला खरीखुरी देणगी दिली, कृतज्ञता म्हणून देणाऱ्याचं नाव लावलं आणि त्यात त्याच्या धंद्याची जाहिरात नसेल, तर कर नाही. वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेल्या खोलीच्या दारावर मुलीचं नाव, असं उदाहरणही त्यात आहे. पैशाच्या बदल्यात धंद्याची जाहिरात करायची असेल, तर ती देणगी नव्हे; तो व्यवहार.

व्यवहार म्हणजे पाप नव्हे. मांडव आणि साउंडचा खर्च मुलांच्या वर्गणीत भागत नाही, हे कुठल्याही गॅदरिंग सेक्रेटरीला विचारा. पण व्यवहार करायचा तर नियम पाळूनच. तंबाखूची जाहिरात २००३ च्या कायद्याने बंद आहे आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकताही येत नाही. परवानगीवाचून भिंती रंगवणं, पोस्टरं चिकटवणं हा १९९५ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कोचिंग क्लासच्या जाहिरातीला कायद्याची आडकाठी नसेलही, पण ती शोभत नाही. कॉलेजच्या कमानीवर शिकवणीची जाहिरात म्हणजे खानावळीने आपल्याच दारात शेजारच्या डब्याची पाटी लावणं. आत शिकवलेलं पुरत नाही, याची ती कबुलीच.

तेव्हा सरांशी वाद घालू नका. पुढच्या गॅदरिंगआधी दोनच मागण्या करा : कोणाच्या जाहिराती घ्यायच्या ते विद्यार्थी प्रतिनिधींना विचारून ठरवा आणि कोणाकडून किती पैसे आले, कुठे गेले, तो हिशेब नोटीस बोर्डावर लावा.