रांगोळीतून प्रमाण : गणित मंडळासाठी एक पाठ

गुणोत्तर व प्रमाण हा भाग पुष्कळदा वस्तू व किंमत यांची उदाहरणे सोडवून संपविला जातो. त्रैराशिक बिनचूक मांडणारा विद्यार्थीही लहान चित्र मोठे करताना फसतो. ही उणीव गणित मंडळाच्या एकदोन बैठकींत भरून काढता येते. चौकटींचा कागद, खडू, मोजपट्टी, वाटी व रांगोळी एवढे साहित्य पुरे.

प्रथम कागदावर १ सेंमीच्या चौकटींत एक मासा काढवून घ्यावा. मासा १२ चौकटी लांब व ८ चौकटी उंच असावा. नंतर एका गटाने जमिनीवर ५ सेंमीच्या व दुसऱ्याने १० सेंमीच्या चौकटी आखाव्यात. कागदावरील रेघ चौकटीची बाजू जेथे छेदते, तेथेच खूण करून चित्र उतरवावे. तिसऱ्या गटास मुद्दाम ५ सेंमी रुंद व १० सेंमी उंच चौकटी द्याव्यात. त्यांचा मासा फुगलेला दिसेल व वर्गात हशा पिकेल. शिक्षकांनी तो पुसू देऊ नये. लांबी पाचपट व उंची दहापट झाल्याने मूळचे १२ : ८ हे गुणोत्तर मोडले, हे विद्यार्थ्यांनीच शोधून काढावे.

खरा पाठ येथून पुढे आहे. ५ सेंमीच्या चौकटींतील माशाची बाह्यरेषा व आतील भराव यांस किती रांगोळी लागली, हे सपाट भरलेल्या वाटीने निरनिराळे मोजावे. दुप्पट बाजूच्या माशास किती लागेल, असे विचारताच बहुतेक विद्यार्थी ‘दुप्पट’ म्हणतील. उत्तर सांगण्याची घाई करू नये. रांगोळी भरू द्यावी. रेघेची जाडी तीच ठेवल्यास बाह्यरेषेस दुप्पट रांगोळी पुरते, भरावास मात्र चौपट लागते. चिमटीतून पडणारा थर सर्वत्र सारखा नसल्यामुळे मोजमाप थोडे कमीअधिक येईल. ते आले तसेच फळ्यावर लिहावे. मग मोठ्या चौकटीत लहान चौकटी किती बसतात, ते मोजवून घ्यावे.

मोजणे मुलांकडे व भरणे मुलींकडे अशी वाटणी मात्र करू नये. घरी नित्य रांगोळी घालणारी, पण गणितात मागे समजली जाणारी एखादी मुलगी येथे गटाचे नेतृत्व सहज करील. ती संधी दवडू नये.

पडताळ्यासाठी राष्ट्रध्वज घ्यावा. त्याच्या लांबी-रुंदीचे गुणोत्तर ३ : २ असते. ४५ × ३० सेंमी व ९० × ६० सेंमी ही त्याची दोन ठरीव मापे आहेत. त्यांची क्षेत्रफळे १३५० व ५४०० चौरस सेंमी, म्हणजे कापड चौपट. शाळेच्या भिंतीवर चित्र रंगविण्यापूर्वी हा हिशेब झालेला असला, तर रंग निम्म्यात संपण्याचा प्रसंग येत नाही.

पुढील बैठकीत १५ सेंमीच्या चौकटी घ्याव्यात. रांगोळीचा डबा उघडण्यापूर्वी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्यावा.